ऑनर्सची चाळणी दारात नको, शेवटी लावा

अमेरिकेतल्या क्युपर्टिनो, फ्रीमाँट, एडिसन अशा गावांतल्या मराठी घरात मुलाने कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, नाव घातलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘मार्क तसे चांगले होते, पण...’ आणि लगेच दुसरं, ‘ऑनर्समध्ये आहे हं तिथे!’ पहिल्यातली ओशाळगत दुसऱ्याने झाकायची, एवढाच ऑनर्स प्रोग्रॅमचा उपयोग बऱ्याच पालकांना ठाऊक असतो.

ओशाळण्यासारखं मुळात काहीच नाही. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला. (डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीने, म्हणजे सेमिस्टरऐवजी लहान सत्रांनी, चालतात, तिथे हाच दर ३१ डॉलर.) दोन वर्षं इथे काढून तिसऱ्या वर्षाला यूसीएलए, बर्कली, डेव्हिस किंवा अर्व्हाइन अशा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसीच्या) कॅम्पसला जाता येतं आणि शेवटी हातात पदवी पडते ती त्या विद्यापीठाचीच. ऑनर्स हा याच दोन वर्षांतला एक भाग. त्याला वेगळी फी नाही आणि वेगळी पदवीही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे ऑनर्स म्हटलं की चौथं वर्ष आणि १६० क्रेडिट डोळ्यांसमोर येतात, तसं हे नव्हे. सर्वसाधारणपणे १५ युनिटं, म्हणजे पाचेक कोर्स, ऑनर्सचे घ्यायचे. विषय तेच, पण वर्ग लहान, वाचन जास्त आणि लेखन बरंच जास्त.

प्रोग्रॅम चांगला आहे आणि ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावा. तक्रार आहे ती त्याच्या दाराबद्दल.

बहुतेक कॉलेजांत आत शिरायला हायस्कूलचा ३.५ च्या आसपासचा जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, लागतो. किंवा कॉलेजातली बारा युनिटं पूर्ण करून तिथला ३.२ च्या आगेमागे जीपीए दाखवावा लागतो. आकडे कॉलेजागणिक बदलतात. सोबत एक निबंध, कुठे कुठे शिफारसपत्र. वरवर पाहता यात वावगं काही दिसत नाही. पण ही पद्धत आली कुठून ते पाहिलं की खटकायला लागते. अमेरिकेत ऑनर्सची घडी बसवली ती स्वार्थमोर कॉलेजच्या फ्रँक एडलॉट यांनी, १९२२ साली, ऑक्सफर्डला ऱ्होड्स स्कॉलर म्हणून जे पाहिलं होतं त्याच्या धर्तीवर. स्वार्थमोर खासगी कॉलेज, तिथे मुलं आधीच निवडून घेतलेली. त्यातली आणखी थोडी निवडून त्यांना सेमिनार आणि बाहेरचे परीक्षक दिले, तर त्यात विसंगती नव्हती. कम्युनिटी कॉलेजचा पाया मात्र नेमका उलटा. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनने हायस्कूलमधली वरची साडेबारा टक्के मुलं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे दिली, वरची एक तृतीयांश स्टेट कॉलेजांकडे आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. हायस्कूलमध्ये काय झालं ते इथे विचारायचं नाही, हाच तो करार. आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ऑनर्सचं ऑफिस पहिला प्रश्न विचारतं तो हायस्कूलच्या जीपीएचा!

या प्रश्नाने अडतं कोण? दहावीच्या वर्षी घरात आजारपण होतं म्हणून घसरलेला मुलगा. दिवसभर नोकरी करून अठ्ठाविसाव्या वर्षी परत शिकायला आलेली बाई. आणि महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून आलेला विद्यार्थी, कारण ७८ टक्के म्हणजे किती जीपीए याचं उत्तर खिडकीवरच्या माणसाकडे नसतं. तो गुणपत्रिकेचं मूल्यांकन करून आणायला सांगतो, त्यात पैसे जातात आणि काही आठवडेही. अशा विद्यार्थ्याने त्या कागदपत्रांच्या मागे न लागता पहिलं सेमिस्टर साध्या सेक्शनमध्ये (तुकडीत) बारा युनिटं चांगल्या मार्कांनी करावीत आणि दुसऱ्या दाराने, कॉलेजच्या जीपीएवर अर्ज करावा. वाट सरळ आहे, फक्त चार सेमिस्टरांतलं एक त्यात खर्ची पडतं आणि १५ युनिटं उरलेल्या तिनांत बसवावी लागतात.

आत नेमकं काय मिळतं ते एका उदाहरणावरून पाहू. अमेरिकेच्या इतिहासाचा साधा सेक्शन चाळीस-पंचेचाळीस जणांचा. १९२३ चा भगतसिंग थिंड खटला तिथे फार तर एका स्लाइडवर येतो: सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, पुढे चला. ऑनर्सच्या वीस-पंचवीस जणांच्या वर्गात तोच विषय घेतला तर आधी दोन निकालपत्रं वाचायला लागतात. एक थिंडचं, फेब्रुवारी १९२३ चं. दुसरं नागरिकत्व मागणाऱ्या जपानी ताकाओ ओझावाचं, नोव्हेंबर १९२२ चं. दोन्ही न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिलेली. ओझावाला सांगितलं की ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन, जपानी माणूस त्यात बसत नाही. तीन महिन्यांनी थिंड म्हणाला, शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत मी कॉकेशियन आहे. त्याला उत्तर मिळालं की शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस ‘गोरा’ कोणाला म्हणतो ते धरायचं. एकाच लेखणीतून उतरलेले हे दोन युक्तिवाद समोरासमोर ठेवून दहा-बारा पानं लिहायची, मग वर्गात उभं राहून त्यावर प्रश्न झेलायचे. हे एकदा केलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षी विद्यापीठात संशोधन-निबंध सांगितला तर घाम फुटत नाही. शिवाय शिफारसपत्र लिहायची वेळ येते तेव्हा त्या प्राध्यापकाकडे लिहिण्यासारखं काही तरी असतं. चाळीस जणांच्या वर्गातल्या प्राध्यापकाला बिचाऱ्याला नावसुद्धा आठवत नाही.

वर्ग आणि लेखन, ऑनर्सची खरी मिळकत ही. बाकीच्या बहुतेक समजुती तपासून घ्याव्या लागतात.

सगळ्यात पक्का गैरसमज जीपीएचा. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या) किंवा ऑनर्सच्या कोर्सला जास्तीचं वजन मिळतं, म्हणून इथेही मिळेल असं मुलं धरून चालतात. ट्रान्सफरचा, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जातानाचा, जीपीए काढताना यूसी असं कोणतंही वजन देत नाही. ऑनर्समधला बी हा बी-च. त्यामुळे एकाच सेमिस्टरमध्ये कॅल्क्युलस, फिजिक्स आणि वर तीन ऑनर्स कोर्स अशी मोट बांधणारा मुलगा बहुधा सगळीकडेच बी घेऊन बसतो. एका सेमिस्टरला एक, फार तर दोन, हे प्रमाण सोसतं.

दुसरं यूसीएलएचं. ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम, म्हणजे ‘टॅप’, खरा आहे आणि कामाचाही आहे. कॉलेजच्या ऑनर्स को-ऑर्डिनेटरने प्रमाणित केलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जाला यूसीएलए प्राधान्याने पाहतं आणि पहिलं मेजर (मुख्य विषय) जमलं नाही तर पर्यायी मेजरसाठी विचार करतं. पण ही हमी नव्हे. आणि ही सवलत कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्सपुरती आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांना हवं असतं ते कॉम्प्युटर सायन्स, आणि यूसीएलएत ते इंजिनिअरिंग स्कूलमध्ये बसतं. म्हणजे ज्या मेजरसाठी टॅपच्या नावाने धावाधाव चालते, तिथे टॅप लागूच नाही. बर्कलीकडे अशी व्यवस्था नाही. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहा ठिकाणी जी ‘टॅग’ नावाची प्रवेशहमी मिळते, तिचा ऑनर्सशी संबंध नाही. ती जीपीए आणि ठरलेल्या कोर्सांवर मिळते, सहापैकी एकाच कॅम्पसची घेता येते आणि तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो.

टॅपवाल्यांचा प्रवेशाचा टक्का जास्त असतो, हे यूसीएलए स्वतःच सांगतं. को-ऑर्डिनेटरही तो आकडा पहिल्याच माहितीसभेत पडद्यावर टाकतात. पण त्याचं श्रेय कोणाला? ज्यांचा जीपीए आधीच चांगला, ज्यांना काउन्सेलर गाठायचं कळतं, ज्यांची कागदपत्रं वेळेवर असतात, तीच मुलं दारातून आत घेतलेली. त्यांना बाहेर ठेवलं असतं तरी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना प्रवेश मिळालाच असता. आधी निवडून घ्यायचं आणि मग निकाल चांगला लागला म्हणून पाठ थोपटायची, हा प्रकार आपल्याकडच्या कोचिंग क्लासवाल्यांनी पुरेसा दाखवलेला आहे.

तिसरी गल्लत फाय थीटा कॅपाची. ‘अभिनंदन, तुमची निवड झाली’ अशी ईमेल येते, मूल वर्गणी भरतं आणि घरचे समजतात की ऑनर्समध्ये गेला. फाय थीटा कॅपा ही १९१८ पासूनची दोन वर्षांच्या कॉलेजांची मानाची संस्था आहे. तिचं सभासदत्व बायोडेटावर चांगलं दिसतं, तिच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्याही आहेत. पण त्याने एकही ऑनर्स युनिट जमा होत नाही.

आता कागदोपत्री कुठे गाडं अडतं ते. ऑनर्सचा कोर्स तीन प्रकारांनी होतो. पहिला, पूर्ण ऑनर्स सेक्शन. दुसरा, एकाच वेळेला एकाच प्राध्यापकाकडे साधा आणि ऑनर्स असे दोन्ही सेक्शन एकत्र बसतात आणि ऑनर्सवाल्यांना जास्तीचं काम असतं. तिसरा, कॉन्ट्रॅक्ट: साध्या कोर्समध्येच प्राध्यापकाशी लेखी ठरवून जास्तीचा प्रकल्प करायचा. दुसऱ्या प्रकारात हमखास होणारी चूक म्हणजे साध्या सेक्शनचा नंबर टाकून नाव नोंदवणं. मूल सोळा आठवडे ऑनर्सचं काम करतं आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) ऑनर्सचं एच हे अक्षर येतच नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून काही कोर्सना राज्यभर एकच क्रमांक आला आहे, जसा पहिल्या वर्षाच्या इंग्रजीला सी१०००. त्याचा ऑनर्स भाऊ सी१०००एच. नोंदणीची पावती आली की ते शेवटचं अक्षर डोळ्यांनी पाहून घ्यावं. साधा कोर्स आधी केलेला असेल तर ऑनर्स मिळवायला तोच पुन्हा घेऊन उपयोग नाही, यूसी दोहोंपैकी एकाचंच क्रेडिट देतं. असिस्ट डॉट ऑर्ग या ट्रान्सफरच्या संकेतस्थळावर कोर्सच्या खाली ही टीप लिहिलेली असते.

कॉन्ट्रॅक्टमध्ये घोळ वेळेचा होतो. फॉर्म साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात द्यावा लागतो आणि तोवर बऱ्याच मुलांना विषयच सुचलेला नसतो. ‘जास्तीचा निबंध लिहीन’ एवढंच लिहिलेलं कॉन्ट्रॅक्ट परत येतं. प्रश्न, साधनं, पानं, भेटीच्या तारखा आणि कशावर तपासणार, एवढं त्यात हवं. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न पक्का, चौथ्यात सही, सातव्यात साधनांची यादी, अकराव्यात कच्चा मसुदा, पंधराव्यात सादरीकरण, असं वेळापत्रक धरलं तर सेमिस्टरअखेरीस नाकी नऊ येत नाहीत. आणि काम संपल्यावर प्राध्यापकाने पूर्ततेचा फॉर्म पाठवला का, हे विद्यार्थ्यालाच विचारावं लागतं. तो गेला नाही तर कॉन्ट्रॅक्ट झालंच नाही असं धरतात.

टॅपचं प्रमाणपत्रही आपोआप निघत नाही. नोव्हेंबरअखेर यूसीचा अर्ज जातो. त्यात पुढच्या वसंत सेमिस्टरचे ऑनर्स कोर्सही ‘घेणार’ म्हणून दाखवलेले असतात. को-ऑर्डिनेटरला त्याच सुमाराला वेगळं कळवावं लागतं, जानेवारीत यूसीच्या शैक्षणिक अपडेटमध्ये ग्रेड भराव्या लागतात. मग फेब्रुवारीत एखादा ऑनर्स कोर्स जड जातो म्हणून सोडला, की १५ चा हिशेब चुकतो आणि प्रमाणपत्र धोक्यात येतं. म्हणून चार सेमिस्टरांतल्या शेवटच्यावर एकापेक्षा जास्त ऑनर्स कोर्स ढकलू नयेत.

इंजिनिअरिंगवाल्यांचं दुखणं निराळं. कॅल्क्युलसची मालिका, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, इंजिनिअरिंगचं फिजिक्स, प्रोग्रॅमिंग यांतच वेळापत्रक भरून जातं आणि ऑनर्स सेक्शन असतात ते इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र, राज्यशास्त्रात. त्यांनी तयारीचे कोर्स सोडून ऑनर्सच्या मागे लागू नये. सर्वसाधारण शिक्षणाचे जे कोर्स कसेही घ्यायचेच आहेत, तेवढेच ऑनर्सचे घ्यावेत. १५ युनिटं होत नसतील तर न होऊ देत. दोन चांगले वर्ग मिळाले, तेवढा फायदा झाला.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्यांना तर आणखी जपून. त्यांना सेमिस्टरला किमान १२ युनिटं हवीत आणि त्यांत ऑनलाइन फक्त एक कोर्स किंवा तीन क्रेडिट धरले जातात. रहिवासी नसल्याने बऱ्याच कॉलेजांत त्यांना युनिटला चारशेच्या आसपास डॉलर पडतात. पहिल्या आठवड्यात ऑनर्स सेक्शन रद्द झाला तर विद्यार्थी एकदम नऊवर येतो आणि तोवर बाकीचे वर्ग भरलेले असतात. अशांनी पहिल्या दिवसापासून पंधरा युनिटांची नोंदणी करून ठेवावी.

आणि सेक्शन रद्द होतात, वरचेवर होतात. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथेच आहे. दारावर चाळणी का, असं विचारलं की उत्तर मिळतं, जागा मोजक्या आहेत. प्रत्यक्षात ऑनर्स सेक्शन मरतो तो गर्दीने नव्हे, मुलं कमी पडल्याने. पंधरा-वीस नावं झाली नाहीत तर डीन तो वर्ग बंद करतात. त्यांचंही चूक नाही, कारण राज्याचा पैसा मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर येतो. एका बाजूला तेरा मुलांचा वर्ग बंद करायचा आणि दुसऱ्या बाजूला २.९ जीपीएवाल्या दहा जणांना दारातून परत पाठवायचं, याला शिस्त म्हणत नाहीत.

उपाय खर्चिक नाही. पहिला ऑनर्स कोर्स कोणालाही घेऊ द्या. साधा आणि ऑनर्स सेक्शन जोडीने, एकाच वेळेला ठेवा, म्हणजे झेपलं नाही तर सेमिस्टरचा पाचवा हिस्सा संपेपर्यंत, म्हणजे हजेरीगणतीच्या तारखेपर्यंत, विद्यार्थी त्याच खुर्चीत बसून साध्या सेक्शनमध्ये जाईल. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) नाही, बुडालेली फी नाही. प्रमाणपत्राची अट आहे तशी कडक राहू द्या: १५ युनिटं, ठरलेला जीपीए, एक सादरीकरण. दरवर्षी वसंतात अर्व्हाइनला कम्युनिटी कॉलेजांच्या ऑनर्स विद्यार्थ्यांची संशोधन परिषद भरते, तिथे निबंध वाचला तर उत्तमच. यूसीएलएला को-ऑर्डिनेटरचं प्रमाणपत्र दिसतं. तो विद्यार्थी पहिल्या दिवशी कोणता जीपीए घेऊन आला होता, याने त्या प्रमाणपत्राचं वजन कमी होत नाही.

यावर प्राध्यापक म्हणतात की दर्जा घसरेल. ही भीती अगदीच निराधार नाही. वर्गात सहा जणांनी वाचलेलं नसेल तर चर्चा बसते, आणि चर्चा बसली की ऑनर्स सेक्शनला अर्थ उरत नाही. पण ३.८ वाले न वाचता येत नाहीत असं थोडंच आहे? पहिल्या दोन आठवड्यांत एक छोटा लेखी कागद घ्या, दोन पानांचा, आणि तो परत देताना मोकळेपणाने सांगा. ज्याला वाचायचं नाही तो स्वतःच साध्या सेक्शनमध्ये जातो.

खरी अडचण प्राध्यापकांच्या वेळेची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. या कॉलेजांतले निम्म्याहून जास्त प्राध्यापक अर्धवेळ आहेत, दोन-तीन कॉलेजांत गाडी पळवणारे. कॉन्ट्रॅक्टचे पैसे कुठे नाममात्र, कुठे शून्य. त्यामुळे सही करायला तयार होतात ती तीच ती चार माणसं, आणि दार उघडलं तर त्यांच्यावर वीस कॉन्ट्रॅक्टं येऊन पडतील. म्हणून दार उघडायचं तर कॉन्ट्रॅक्टमागे ठरलेली रक्कम द्यायलाच हवी. २०१८-१९ पासूनच्या निधीसूत्रात अंदाजे दहा टक्के पैसा यशाच्या निकषांवर येतो आणि त्यात ट्रान्सफर मोजलं जातं. गरजू विद्यार्थ्यांच्या यशाला त्यात वरचे गुण आहेत. म्हणजे दारातून आज परत जाणारा विद्यार्थी ट्रान्सफर झाला, तर कॉलेजला उलट जास्तच मिळतं. बजेटच्या बैठकीत डीनपुढे ठेवायचा हिशेब हाच.

आणि एक सेक्शन संध्याकाळी सहानंतर ठेवा. सगळे ऑनर्स वर्ग सकाळी दहा ते दुपारी दोन यांत असतील, तर जीपीएची अट काढली काय अन् ठेवली काय, नोकरी करणाऱ्या बाईला दोन्ही सारखंच.